डोके इकडे, शेपूट तिकडे : हे पेशींना सांगते कोण?

प्रश्न : आमच्या घरच्या काचेच्या टाकीत पट्टेरी झेब्रा मासे आहेत. मागच्या महिन्यात भल्या सकाळी मादीने अंडी घातली. तळाशी गोट्या पसरल्या होत्या म्हणून ती वाचली, नाहीतर मोठ्या माशांनीच खाल्ली असती. मुलीने त्यातली काही शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पहिल्या सकाळी काचेसारखा एक थेंब, आणि दुसऱ्या दिवशी त्यात डोळे, शेपटी, धडधडणारे हृदय! अंडे तर आईपासून सुटून पाण्यात एकटे पडलेले. मग डोके इकडे आणि शेपटी तिकडे हे आतल्या पेशींना कोण सांगते? जनुके सांगतात असे पुस्तकात आहे. पण शरीरातल्या सगळ्या पेशींत जनुके सारखीच असतात असेही त्याच पुस्तकात आहे. दोन्ही खरे कसे? आणि माशाच्या या जनुकांचा आपल्याशी काही संबंध आहे का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुस्तकातली दोन वाक्ये तुम्ही शेजारी ठेवलीत आणि ती एकमेकांशी कुठे अडतात ते बरोबर ओळखलेत. भ्रूणविज्ञान शंभर वर्षे याच कोड्याशी झटते आहे.

दोन्ही वाक्ये खरी आहेत. माशाच्या डोळ्यातल्या पेशीत आणि शेपटीच्या टोकाच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. फरक असतो तो त्यातली कोणती चालू आहेत आणि कोणती बंद, यात. कोणते जनुक कुठे चालू व्हायचे हे ठरते ती पेशी भ्रूणात नेमकी कुठे आहे, तिच्या शेजारी कोण आहे आणि त्या घडीला भ्रूणाचे वय किती तास आहे, यावरून. संपूर्ण माशाचा आराखडा एकाही पेशीकडे नसतो आणि एकाही जनुकात लिहिलेला नसतो. हे खरे कशावरून, ते सविस्तर सांगतो, कारण त्यातला मोठा भाग तुमच्या टाकीतल्या माशानेच जगाला शिकवला आहे.

हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले ओढे, भातखाचरे, संथ पाण्याची तळी हे त्याचे घर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरचा ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला, त्यात कोसी नदीतल्या या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. पुढे शोभेचा मासा म्हणून तो जगभर गेला. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातले जॉर्ज स्ट्रायसिंगर हे आधी जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर काम करत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचा अभ्यासही तितक्याच काटेकोरपणे करता यावा, म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते या माशाकडे वळले. मासे त्यांनी आणले ते पाळीव प्राण्यांच्या दुकानातून. १९८१ साली त्यांचा महत्त्वाचा लेख आला आणि प्रयोगशाळांचे लक्ष या माशाकडे गेले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या वाणांपैकी एक कोलकात्याच्या परिसरातल्या रानटी माशांपासून आला आहे, तर एक बंगालमधल्या नदियाचा आहे. नदियाच्या वाणात नर-मादी ठरवणारे रंगसूत्र अजून शाबूत आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या जुन्या वाणांनी ते गमावले. शास्त्रज्ञांना हे २०१४ साली कळले, तेही रानातल्या माशांकडे परत गेल्यावर.

याच माशाची निवड का झाली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे. सुमारे ०.७ मिलिमीटरचे अंडे, आईच्या शरीराबाहेर वाढणारे आणि पारदर्शक. उंदराचा गर्भ पाहायचा तर आईच्या पोटातून काढावा लागतो. इथे नुसते भिंग पुरते, आणि पाहणाऱ्यामुळे भ्रूणाचे काही बिघडत नाही.

आता पद्धतीविषयी. जनुकाचे काम कळण्याचा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ते बिघडवायचे आणि भ्रूणात काय अडते ते पाहायचे. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी फळमाशीवर हेच काम केले होते आणि त्यासाठी १९९५ साली त्यांना नोबेल मिळाले. तोवर त्या ट्युबिंगेनमध्ये झेब्रा माशाकडे वळल्याही होत्या. नर मासे ईएनयू नावाच्या रसायनाच्या पाण्यात ठेवायचे. त्याने त्यांच्या शुक्रपेशींच्या डीएनएत कुठेतरी एखादे अक्षर बदलते. पण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक बिघडली तरी दुसरी बहुधा निभावून नेते. म्हणून पिल्लांची पिल्ले होऊ द्यायची आणि त्या नातवंडांची आपसांत जोडी लावायची. जोडीतल्या दोघांकडेही तोच बिघाड असला, तर त्यांच्या पिल्लांपैकी साधारण पाव हिश्शात दोन्ही प्रती बिघडलेल्या निघतात आणि दोष उघडा पडतो. ट्युबिंगेनच्या गटाने आणि बोस्टनमध्ये वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या गटाने अशी हजारो कुटुंबे पिढी दर पिढी वाढवली, रोज अंडी गोळा केली, रोज भिंगाखाली पाहिली. डिसेंबर १९९६ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाचा पूर्ण अंक या कामाला वाहिलेला होता. शेकडो जनुके एकदम उजेडात आली. ते लेख मी जेव्हा जेव्हा उघडतो, तेव्हा त्यांच्यामागच्या चिकाटीने आजही थक्क होतो.

या पद्धतीमुळे जनुकांची नावे बिघाडावरून पडली. ‘नो टेल’ नावाचे जनुक शाबूत असले की शेपूट येते; ते मोडले की येत नाही. म्हणून ते शेपटीचे जनुक झाले का? नाही. ‘अमक्या गोष्टीचे जनुक सापडले’ असे मथळे वर्तमानपत्रांत येतात ते मला खटकतात, ते याचसाठी. त्या जनुकावाचून शेपटी अडते, एवढेच त्या प्रयोगातून कळते. शेपटी घडवायला ते एकटे पुरत नाही.

आता अंड्याकडे वळू. तुम्ही लिहिले आहे की अंडे आईपासून सुटून एकटे पडलेले असते. ते तितके एकटे नसते. पाणी २८.५ अंश सेल्सिअस असेल तर फलनानंतर साधारण पाऊण तासाने पहिली विभागणी होते आणि मग सुमारे दर पंधरा मिनिटांनी पेशी दुप्पट होतात. पाणी थंड असेल तर सारे सावकाश होते, पण क्रम तोच राहतो. दहा विभागण्यांनंतर, म्हणजे तिसऱ्या तासाच्या सुमारास, पेशी हजारावर जातात. या सगळ्या काळात भ्रूणाची स्वतःची जनुके जवळजवळ गप्प असतात. काम चालते ते आईने अंड्यात भरून ठेवलेल्या प्रथिनांवर आणि आरएनएच्या रूपातल्या संदेशांवर.

त्यातला एक संदेश ‘हुलुवा’ या जनुकाचा. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातल्या मंग आनमिंग यांच्या गटाने २०१८ साली तो प्रकाशात आणला. आई हा संदेश अंड्याच्या तळाशी ठेवते. फलनानंतर तो एका बाजूला सरकतो, आणि ज्या बाजूला सरकतो ती पाठीची बाजू होते. ज्या मादीत या जनुकाच्या दोन्ही प्रती मोडलेल्या असतात, तिच्या अंड्यांतून पाठ आणि डोके नसलेले भ्रूण निघतात. बाप निरोगी असला, भ्रूणाला त्याच्याकडून धडधाकट प्रत मिळालेली असली, तरी काही उपयोग होत नाही. ती प्रत कामाला लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणजे डोके कुठे याचा पहिला निर्णय भ्रूणाच्या जनुकांनी घेतलेलाच नसतो, तो आईच्या जनुकांनी घेतलेला असतो.

तिसऱ्या तासाच्या सुमारास सूत्रे बदलतात. आईनेच साठवलेल्या संदेशांतून नॅनॉग, पीओयू५एफ३ आणि सॉक्स घराण्यातली प्रथिने बनतात आणि ती भ्रूणाच्या डीएनएवर बसून त्याची जनुके उघडतात. अगदी सुरुवातीला उघडणाऱ्यांपैकी एक आहे एमआयआर-४३० नावाचा चिमुकला आरएनए. तो काय करतो? आईकडून आलेले शेकडो संदेश हेरून नष्ट करवतो. आईच्या ठेवीतून चालू झालेल्या जनुकाचे पहिले मोठे काम आईचे जुने संदेश पुसणे हेच असते. भ्रूणविज्ञानात मला याहून विलक्षण वाटणारी गोष्ट क्वचितच आहे.

इथून पुढे पेशी एकमेकींना सांगू लागतात. बलकाला लागून असलेल्या कडेच्या पेशी ‘स्क्विंट’ आणि ‘सायक्लॉप्स’ या जनुकांपासून नोडाल घराण्यातली प्रथिने बनवतात आणि बाहेर सोडतात. ती पेशीपेशींमधून पसरत जातात. कडेपाशी भरपूर, लांब गेले की विरळ. स्वयंपाकघरात फोडणी पडली की वास किती तीव्र येतो यावरून आपण घरात कुठे आहोत ते डोळे मिटूनही कळते, तसे पेशीला नोडालच्या प्रमाणावरून आपली जागा कळते. जिथे नोडाल खूप, तिथल्या पेशींपासून अंतःस्तर, म्हणजे पुढे आतडी आणि यकृत. थोडे कमी, तिथे मध्यस्तर, म्हणजे स्नायू, रक्त, हृदय. जिथे ते पोचतच नाही, तिथे बाह्यस्तर, म्हणजे त्वचा आणि मेंदू. ज्या भ्रूणात स्क्विंट आणि सायक्लॉप्स दोन्ही मोडलेली असतात, त्यात अंतःस्तर बनत नाही आणि मध्यस्तरही जवळजवळ नसतो.

हा संदेश पसरत पसरत सगळ्या भ्रूणाला व्यापून का टाकत नाही? कारण नोडालच आपल्याला अडवणारे प्रथिन चालू करतो. त्याचे नाव लेफ्टी. ते नोडालपेक्षा लवकर आणि लांब पसरते, त्यामुळे नोडालची सत्ता कडेपुरती राहते. संदेशाने स्वतःच स्वतःला कुंपण घालून घ्यायचे, ही रीत भ्रूणात पुन्हा पुन्हा दिसते.

सायक्लॉप्स हे नाव ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसावरून आले. ते जनुक मोडले की भ्रूणाला कपाळाच्या मध्यावर एकच डोळा येतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण ते आपल्या कल्पनेच्या उलट आहे. डोळ्यांचे क्षेत्र मुळात एकच असते, मेंदूच्या पुढच्या भागात मधोमध पसरलेले. त्याच्या खाली मध्यरेषेवर पेशींची एक पट्टी येते आणि तिच्यातून निघणारे संदेश त्या क्षेत्राला मधून दुभागतात. सायक्लॉप्स नसले की ती पट्टी बनत नाही, आणि क्षेत्र दुभागलेच जात नाही. दोन डोळे असणे म्हणजे एकाचे दोन होणे. त्या पट्टीतून निघणाऱ्या संदेशांपैकी एक आहे सॉनिक हेजहॉग. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढ्यांना एकडोळी कोकरे होऊ लागली. त्या मेंढ्यांनी गाभण असताना डोंगरउतारावरची एक रानटी वनस्पती खाल्ली होती. त्या वनस्पतीतले विष सॉनिक हेजहॉगचा संदेश पेशीत पोचू देत नाही, हे पुष्कळ नंतर उलगडले. आणि माणसात सॉनिक हेजहॉगच्या जनुकातल्या बिघाडाने मेंदूचे दोन अर्धगोल नीट वेगळे न होण्याचा गंभीर जन्मदोष होतो. मासा, मेंढी, माणूस: तिघांत मध्यरेषा आखणारा संदेश एकच.

नोडाल एका दिशेची खबर देतो. दुसऱ्या दिशेची, पाठ की पोट ही, बीएमपी प्रथिने देतात. पोटाकडे बीएमपी जास्त. पाठीच्या बाजूला सहाव्या तासाला कडेचा एक भाग जाडसर ढालीसारखा दिसू लागतो. तिथल्या पेशी ‘कॉर्डिन’ नावाचे प्रथिन सोडतात आणि ते बीएमपीला धरून निकामी करते. बीएमपीचे ‘स्वर्ल’ हे जनुक मोडले की सगळा भ्रूण पाठच होऊ पाहतो. कॉर्डिन मोडले की उलट, पोटाकडचा भाग वाढतो. ही ढाल दुसऱ्या भ्रूणात उलट बाजूला लावली तर तिथे दुसरे शरीर उगवू लागते. असा प्रयोग पहिल्यांदा सॅलमँडरच्या घराण्यातल्या न्यूट या उभयचरावर झाला. जर्मनीत हान्स श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत हिल्डे मांगोल्ड या तरुणीने तो आपल्या हातांनी केला. १९२४ साली तो छापून आला आणि त्याच वर्षी एका अपघातात तिचा मृत्यू झाला. १९३५ चे नोबेल एकट्या श्पेमान यांना मिळाले. मांगोल्डचे नाव त्या शोधासोबत घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते.

तुमच्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर एका अलीकडच्या प्रयोगात आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात बर्नार आणि क्रिस्तीन तीस यांच्या गटाने २०१४ साली झेब्रा माशाच्या कोवळ्या भ्रूणाच्या वरच्या टोकाच्या पेशी घेतल्या. एरवी या पेशींपासून त्वचा आणि मेंदूच होतो. त्यांनी तिथे एका ठिकाणी नोडालचा स्रोत ठेवला आणि समोर दुसऱ्या ठिकाणी बीएमपीचा, बस्स. त्या दोन विरुद्ध बाजूंनी येणाऱ्या संदेशांमध्ये सापडलेल्या पेशींनी डोके आणि शेपटी असलेले अख्खे दुसरे शरीर उभारायला घेतले. सविस्तर सूचना बाहेरून कोणी दिल्या नव्हत्या. दोन खबरी मिळाल्यावर पुढचे सगळे पेशींनी आपापसांत ठरवले.

दहाव्या तासापासून शरीर लांब होऊ लागते आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना मांसाचे ठोकळे पडतात, एकामागून एक, पुढून मागे. यांना कायखंड म्हणतात. पुढे त्यांतून मणके आणि पाठीचे स्नायू होतात. तुमच्या मुलीने दुसऱ्या दिवशी शेपटीवर ज्या आडव्या खुणा पाहिल्या असतील त्या याच. साधारण दर अर्ध्या तासाला एक जोडी, आणि चोवीस तासांत तीसच्या आसपास. अर्धा तास मोजतो कोण? ‘हर१’ आणि ‘हर७’ ही दोन जनुके. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने त्याच जनुकांना बंद पाडतात. पण जनुक चालू होऊन प्रथिन तयार व्हायला काही मिनिटे लागतात, आणि तयार प्रथिन फार काळ टिकत नाही. त्यामुळे जनुक चालू, प्रथिन साठले, जनुक बंद, प्रथिन नाश पावले, जनुक पुन्हा चालू, असा फेरा सुरू राहतो. शेपटीच्या टोकापाशी शेकडो पेशी या लयीत चालू-बंद होत असतात. शरीर लांबते तशा मागे राहिलेल्या पेशींतली लय मंदावते, थांबते, आणि थांबतानाची अवस्था कायखंडाची सीमा आखते. पेशींचा ताल एकमेकींशी जुळवून ठेवण्याचे काम डेल्टा आणि नॉच ही प्रथिने करतात. ‘आफ्टर एट’ या उत्परिवर्ती माशात डेल्टाचे एक जनुक मोडलेले असते. त्यात पहिले सात-आठ कायखंड नेटके पडतात आणि मग गोंधळ सुरू होतो. याची पटणारी उपपत्ती अशी: पेशी सुरुवातीला तालात असतात, आणि जुळवणारे कोणी नसल्याने हळूहळू बेताल होत जातात. उंदरात ही लय सुमारे दोन तासांची, कोंबडीत दीड तासाची, माणसात याहून संथ. पण यंत्रणा तीच. माणसात डेल्टा घराण्यातले डीएलएल३ किंवा हर जनुकांच्या नात्यातले एचईएस७ बिघडले तर मणके आणि बरगड्या वेड्यावाकड्या, एकमेकींना चिकटलेल्या होतात.

हृदयाविषयी थोडक्यात. हृदयाच्या पेशी आधी शरीराच्या डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंना तयार होतात आणि मध्यरेषेकडे सरकून एकत्र येतात. ‘माइल्स अपार्ट’ हे जनुक मोडले की त्या मध्यावर पोचत नाहीत आणि भ्रूणात दोन बाजूंना दोन छोटी हृदये वेगवेगळी धडधडतात. ‘सायलेंट हार्ट’मध्ये हृदय नीट बनते पण आकुंचन पावत नाही, ते जनुक ज्या ट्रोपोनिन प्रथिनाचे, त्याच्याच मानवी प्रतीतल्या बिघाडाने आपल्याकडे हृदयस्नायूचे आनुवंशिक आजार होतात. असे भ्रूण काही दिवस जगतात, कारण इतक्या लहान देहाला पाण्यातला प्राणवायू त्वचेतून पुरतो. उंदराचा गर्भ अशा अवस्थेत केव्हाच मरून गेला असता आणि आपल्याला काहीच पाहता आले नसते.

सगळी जनुके सापडून झाली, असे मात्र समजू नका. २०१३ साली या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात प्रथिने बनवणारी २६,००० हून अधिक जनुके मोजली गेली. त्याच सुमारास सिंगापूरमध्ये ब्रुनो रेव्हरसाद आणि हार्वर्डमध्ये अलेक्झांडर शिअर यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक असे जनुक शोधले जे आधीच्या याद्यांत निसटले होते. त्याचे प्रथिन इतके छोटे की संगणकाच्या चाळणीतून ते सुटून जायचे. एकाने त्याला ‘एलाबेला’ म्हटले, दुसऱ्याने ‘टॉडलर’. ते नसले की पेशींना वेळेवर हलायचा इशारा मिळत नाही आणि हृदय खुरटते किंवा बनतच नाही.

आणि जनुक मोडले म्हणजे दोष दिसलाच पाहिजे, असेही नाही. २००० सालापासून जनुकाऐवजी त्याचा संदेश अडवण्याची सोपी युक्ती प्रयोगशाळांत रूढ झाली होती. पुढे क्रिस्पर हे जनुक कापण्याचे तंत्र आले, २०१३ पासून या माशात जनुक थेट कापणे सोपे झाले, आणि बुचकळ्यात टाकणारे निकाल येऊ लागले. संदेश अडवला तर रक्तवाहिन्या बिघडत, तेच जनुक कापले तर मासा ठणठणीत. जर्मनीत डिडिए स्टेनिए यांच्या गटाने ‘ईजीएफएल७’ या जनुकावर काम करून २०१५ साली यामागचे एक कारण दाखवले. जनुक कापले की भ्रूण त्याच्या नात्यातल्या इतर जनुकांचे काम वाढवतो आणि उणीव भरून काढतो. कापलेल्या जनुकापासून निघालेला सदोष संदेश नष्ट होताना त्याचे जे तुकडे पडतात, तेच या भरपाईला चालना देतात, असे पुढे दिसून आले.

आता तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, आपल्याशी संबंध. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचा निदान एक भाऊबंद या माशात सापडतो. पण टक्केवारीपेक्षा उदाहरणे जास्त बोलतात.

स्ट्रायसिंगर यांच्या टाक्यांत ‘गोल्डन’ नावाचा फिकट पट्ट्यांचा मासा होता. भ्रूणात पहिल्या दिवसाच्या शेवटी काळे ठिपके उमटू लागतात. गोल्डनमध्ये ते उशिरा आणि फिके येतात. २००५ साली पेनसिल्व्हेनियात किथ चेंग यांच्या गटाने यामागचे एसएलसी२४ए५ हे जनुक शोधले. त्याच्या मानवी प्रतीचा संदेश गोल्डनच्या भ्रूणात टोचला तर ठिपके काळे झाले. मग त्यांनी माणसांत पाहिले, तर या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाने युरोपीय लोकांच्या गोऱ्या रंगाचा बराच भाग उलगडला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले की भारतीयांत आढळणारा तो फरक आणि युरोपातला फरक एकाच पूर्वजाकडून आले आहेत, आणि आपल्याकडे त्याचे प्रमाण समाजासमाजात फार वेगवेगळे आहे. त्वचेचा रंग इतर अनेक जनुकांवरही अवलंबून असतो हे सोबत लक्षात ठेवा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनावणे यांचा गट या माशाच्या भ्रूणाच्या त्वचेवर काम करतो. २०१४ साली त्यांनी ‘गूजपिंपल्स’ या उत्परिवर्ती माशाचा उलगडा केला. त्यात मायोसिन-५बी हे प्रथिन निकामी असते, त्वचेच्या पेशींना आपला आकार राखता येत नाही आणि त्या लहान होत जातात. माणसात हेच जनुक बिघडले तर नवजात बाळाच्या आतड्याच्या पेशी नीट बनत नाहीत आणि जिवावर बेतणारे जुलाब लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत चिन्मय पात्रा यांच्या गटाने मोठ्या झेब्रा माशांच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर काम केले आहे. ‘सीसीएन२ए’ या जनुकाचे प्रथिन त्या चकत्यांची झीज भरून काढायला लावते, असे त्यांना आढळले. या चकत्यांचा गाभा कुठून येतो? भ्रूणाच्या पाठीत मणक्यांच्या आधी एक लवचीक दोरी असते, पृष्ठरज्जू. तिचाच अवशेष आपल्या चकत्यांत उरतो.

ही दोरी ज्या जनुकावाचून बनत नाही ते म्हणजे वर आलेले ‘नो टेल’. त्याच्या उंदरातल्या प्रतीची ओळख त्याहून जुनी. १९२७ साली पॅरिसमध्ये नादेझ्दा दोब्रोव्होल्स्काया-झावाद्स्काया यांना आखूड शेपटीचे उंदीर मिळाले. त्यांत एक प्रत बिघडलेली होती. दोन्ही बिघडलेले गर्भ जगत नसत. १९९४ साली माशातले ‘नो टेल’ म्हणजे तेच जनुक असल्याचे सिद्ध झाले. शेपूट नसलेल्या मँक्स मांजरांतही हेच जनुक बिघडलेले असते.

आणि २०२४ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्याच शेपटीचा माग काढला. सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी माणूस आणि बिनशेपटीच्या वानरांच्या समान पूर्वजात या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला. जनुक मोडले नाही, पण त्यापासून पूर्ण प्रथिनासोबत एक आखूड रूपही बनू लागले. उंदरात ते आखूड रूप बनवून पाहिले, तर काहींची शेपटी आखूड झाली आणि काहींची गेलीच. दोन्ही प्रती आखूड रूपाच्या असलेली पिल्ले जगली नाहीत, आणि त्यांच्यात मज्जारज्जू नीट न मिटण्याचे दोष होते. माणसाच्या बाळांत असे दोष आजही होतात. शेपूट गमावण्याची ती किंमत असावी, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. गर्भात मात्र आपल्याला अजूनही शेपूट येते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कायखंड पडता पडता ती स्पष्ट दिसते, आठव्या आठवड्यापर्यंत तिच्यातल्या पेशी मरून ती आटते, आणि माकडहाडाचे तीन ते पाच मणके तेवढे उरतात.